निळ्या गाडीतला कंप

‘आधी तू बोल,’ हुपरीकर सर म्हणाले.

पसरणी घाटाच्या मध्यावर एका टपरीपुढच्या बाकावर आम्ही बसलो होतो. समोर रस्त्याच्या कडेला दोन उघड्या गाड्या उभ्या होत्या, एक लाल आणि एक निळी. दोन्ही परदेशी, आणि इतक्या महाग की आमच्या दोघांच्या सात पिढ्यांनी मिळून वर्गणी काढली असती तरी एखादंच चाक पदरात पडलं असतं. त्यांच्याभोवती जत्रा जमली होती. वाईहून पाचगणीला माणसं भरून निघालेली एक वडापची जीप थांबली होती आणि आतली झाडून सगळी माणसं उतरून गाड्या बघत होती. एका आजोबांनी लाल गाडीत डोकावून टपरीवाल्याला विचारलं, ‘हिचा टप कुठं गेला?’

‘पावसाळ्यात येतो म्हणलाय,’ टपरीवाला म्हणाला.

एरवी असल्या बोलण्यावर सर खदखदून हसले असते आणि आजोबांना गाडीत बसवून एक फोटो काढायला लावला असता. त्या दिवशी हसले नाहीत. चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, थेंबही न सांडता खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

‘बोल की गं. जीभ वाईतच विसरलीस काय?’

हा सरांचा नियम होता. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघांनी दोन्ही गाड्या चालवायच्या. निम्म्या वाटेत अदलाबदल करायची. पाय जमिनीला लागेपर्यंत गाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही आणि मग जो वयानं लहान त्यानं आधी बोलायचं. मी नवीन होते तेव्हा त्यांना याचं कारण विचारलं होतं. ‘मोठा आधी बोलला की धाकटा नुसता मान डोलावतो,’ ते म्हणाले होते. ‘मान डोलवायला नंदीबैल आहे की दारोदार. तुला कशाला पगार द्यायचा?’

मी तेव्हा पुण्याच्या एका मराठी मासिकात मोटारींवर लिहीत असे. सर त्याच मासिकाचे पहिल्या अंकापासूनचे परीक्षक. आधी बरीच वर्षं एका ट्रकच्या कारखान्यात त्यांनी नव्या गाड्या रस्त्यावर घालून बघण्याचं काम केलं होतं, आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात शाहूपुरीत घर बांधून राहिले होते. मासिक पुण्यात आणि सर साताऱ्यात, म्हणून गाड्याच साताऱ्याला यायच्या. कोल्हापूरपासून नागपूरपर्यंतची माणसं गाडी घेण्याआधी त्यांच्या घरी फोन करायची. ‘हुपरीकरांनी हो म्हटलंय’ असं म्हणून लोक बायकोची परवानगी मिळवायचे, अशी आमच्या ऑफिसात थट्टा चालायची.

पण गेल्या काही महिन्यांत काहीतरी बिनसलं होतं. एकापाठोपाठ एक तीन गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये सरांना कंप सापडला होता आणि त्यांनी तो तसाच छापला होता. तो दुसऱ्या कुणालाच सापडला नव्हता. गाड्या घेतलेल्या लोकांना नाही, दुसऱ्या मासिकांना नाही. कंपन्यांचे फोन सुरू झाले. आमचे संपादक धायगुडे यांनी मला बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, ‘ऊर्मिला, या वेळी तू बरोबर जा. तुम्हा दोघांचं एकमत झालं तर मी कंपन्यांशी भांडायला मोकळा. नाही झालं, तर पुढच्या अंकापासून परीक्षण तुझ्या नावानं. मला माझ्या वाचकाला तोंड दाखवायचंय.’

हे सरांना सांगायचं कसं, या विचारात मी सकाळी साताऱ्याला त्यांच्या घरी पोचले, तर शैलाकाकू पोहे वाढत असतानाच सर म्हणाले, ‘धायगुडेनं तुला माझ्यावर पहाऱ्याला पाठवलंय ना?’

मी हातातला घास परत बशीत ठेवला.

‘खा, खा. त्याचं चुकलं नाही. आज त्या दोन गाड्यांचा निकाल नाही, माझाच आहे.’

‘काहीतरीच बोलू नका सकाळी सकाळी,’ काकू म्हणाल्या. ‘आणि तू गं, लिंबू पिळून घे. यांचं ऐकत बसलीस तर पोह्यांचं पीठ होईल.’

तर असा तो दिवस होता, आणि सर मला आधी बोलायला सांगत होते.

मी बोलायला सुरुवात केली. आधी सोपं सोपं घेतलं. लाल गाडी चार माणसांची. मागं दोघं बसतात, पण त्या दोघांना पाय घरी ठेवून यावं लागेल. टप कापडाचा, चटकन मिटतो आणि थोडक्या जागेत मावतो, त्यामुळे टप उघडा असतानाही डिकीत दोन बॅगा राहतात. इंजिन ताकदीचं. घाटात गिअर बदलायला लावत नाही. निळी दोघांचीच. तिचा टप लोखंडी, तो मिटून डिकीत जाऊन बसतो आणि मग डिकीत काकूंनी दिलेला डबा सोडला तर काही मावत नाही.

‘म्हणजे पाहुण्यांकडं निघालं तर आहेर मांडीवर घ्यायचा,’ सर म्हणाले. ‘पुढं.’

‘सुरक्षेचं म्हणाल तर दोन्हींना मागच्या बाजूला ती लोखंडी कमान आहेच. गाडी उलटायला लागली की डोक्यामागून वर येते. पण निळीची पुढच्या काचेची चौकट जास्त जाड आहे. ब्रेकही निळीचेच बरे. लाल गाडी ब्रेक मारल्यावर नाक खाली घालते.’

‘बरोबर.’

‘पळण्यात लाल पुढं. वळणात निळी.’

‘बरोबर. पुढं?’

पुढं काय होतं ते आम्हा दोघांना माहीत होतं. उघड्या गाडीचं खरं दुखणं सरांनीच मला पहिल्या महिन्यात समजावून सांगितलं होतं. चपलांचा खोका झाकण लावून पिळून बघ, म्हणाले होते. पिळला जात नाही. झाकण काढ आणि पिळ, लगेच वाकडातिकडा होतो. गाडीचा टप म्हणजे तिचं झाकण. तो काढला की खड्ड्यातून गेल्यावर सगळी गाडी पिळवटते, तो कंप काचेच्या चौकटीत चढतो आणि स्टिअरिंगमधून हातात उतरतो. गाडी बनवणाऱ्यांनी खाली किती मजबुती दिली, ते त्या कंपावरून कळतं. म्हणून उघड्या गाडीचं परीक्षण म्हणजे शेवटी या कंपाचंच परीक्षण.

‘लाल गाडीत कंप आहे,’ मी म्हणाले. ‘पाचवडच्या पुढं रस्ता उकरून ठेवलाय ना, तिथं चांगलाच लागला. आरसासुद्धा हलत होता.’

‘आणि निळीत?’

मी कपाकडे बघत राहिले. खोटं बोलले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. पण ज्या माणसानं मला कंप म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्यासमोर खोटं कसं बोलणार?

‘मला नाही लागला, सर.’

‘अजिबात?’

‘अजिबात नाही. दगडासारखी वाटली.’

सरांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

‘मला लागला,’ ते शांतपणे म्हणाले. ‘सातारा ते वाई, सगळ्या रस्त्यानं लागला. लालपेक्षा बारीक, पण सतत. थांबतच नाही.’

जीपमधली माणसं परत आत जाऊन बसली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आजोबांनी जाता जाता लाल गाडीच्या बॉनेटवर हात फिरवून कपाळाला लावला, आणि जीप वर निघून गेली. टपरीपुढं एकदम शांत झालं.

‘तुझी चूक नाही,’ सर म्हणाले. ‘तू स्टिअरिंग आवळून धरतेस. घाटात सगळेच धरतात. आवळलं की बारीक काही कळत नाही. गरम भाकरी तव्यावरून उचलतात तसं बोटांच्या टोकांनी धरायचं. चल, दाखवतो तुला. वरच्या अंगाला एक खराब पट्टा आहे.’

ते उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मला किती दिवसांनी ती जुनी हुशारी दिसली. चोर घरातच आहे, आता सापडल्याशिवाय राहत नाही, असं काहीतरी. मलाही वाटलं, सापडू दे बाई. निळ्या गाडीत कंप निघू दे आणि माझाच हात जाड ठरू दे. धायगुड्यांना मी आनंदानं सांगेन की मला काही कळत नाही.

लाल गाडी टपरीवाल्याच्या नजरेखाली ठेवून आम्ही निळीत बसलो. सर चालवायला, मी डाव्या बाजूला. जानेवारीचं ऊन होतं. थंड वारा डोक्यावरून जात होता आणि रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका गाडीकडे बघून हसत होत्या. सर गाडी नेहमीप्रमाणे सुरेख चालवत होते, हे मुद्दाम सांगते. वळण कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते शेजारी बसलेल्याला कळू नये, अशी त्यांची चालवण्याची रीत होती. त्या दिवशीही तशीच होती.

खराब पट्टा आला. खडी वर आलेली, मध्ये मध्ये खळगे.

‘हात ठेव,’ सर म्हणाले. ‘माझ्या हाताच्या शेजारी. नुसती बोटं टेकव.’

मी वाकून त्यांच्या उजव्या हाताशेजारी स्टिअरिंगवर बोटं टेकवली.

‘लागलं?’

लागलं. खरंच लागलं. अगदी बारीक, एका लयीत, दाण्यावर दाणा पडावा तसं. मी इतकी खूश झाले की ओरडलेच, ‘हो! लागतंय सर!’

‘बघ! म्हटलं होतं की नाही?’ सरांनी मोठ्यांदा हसून डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. ‘हातच्या काकणाला आरसा कशाला! धायगुडेला सांग म्हणावं, हुपरीकर अजून म्हातारा झाला नाही.’

पट्टा संपला. पुढं नवं डांबर होतं, काळं आणि गुळगुळीत. माझी बोटं अजून स्टिअरिंगवर होती. आणि ते अजून चालू होतं. तसंच, त्याच लयीत.

‘आता गंमत बघ,’ सर म्हणाले. ‘वेग कमी करतो. टायरचा दोष असेल तर वेगाबरोबर कमी होईल.’

त्यांनी वेग कमी केला. ते कमी झालं नाही. त्यांनी वेग वाढवला. ते वाढलं नाही. सरांच्या कपाळावर आठी पडली, पण ती काळजीची नव्हती; अवघड गणित समोर आलं की हुशार मुलाच्या कपाळावर पडते तशी होती.

‘म्हणजे टायर नव्हे. रस्ताही नव्हे, रस्ता तर आता लोण्यासारखा आहे. मग इंजिनचं असणार. इंजिन ज्यावर बसवतात ते रबर कधी कधी ढिलं असतं. थांब, आत्ता कळेल.’

मी माझी बोटं काढून घेतली. मला तेव्हाच कळलं होतं. कसं ते सांगता येणार नाही, पण मी मनात म्हणू लागले, देवा, यांनी इंजिन बंद करू नये. गाडी अशीच चालू राहू दे, पाचगणी येऊ दे, महाबळेश्वर येऊ दे, पण यांनी इंजिन बंद करू नये.

सरांनी एका कठड्यापाशी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

वारा तेवढा वाहत होता. खाली दूर कुठल्या तरी देवळातली घंटा वाजली. सर स्टिअरिंग बोटांच्या टोकांनी धरून, मान थोडी कलती करून, ऐकत असल्यासारखे बसले होते.

‘अजून आहे,’ ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे बघत, शिकवण्याच्या सुरात म्हणाले, ‘म्हणजे इंजिनचंही नव्हे. बघ, असं एकेक बाजूला काढत जायचं असतं. घाई करायची नाही. टायर नाही, रस्ता नाही, इंजिन नाही. मग उरलं काय?’

मी त्यांच्या हातांकडे बघत होते.

‘सांग की. उरलं काय?’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पाहिलं. आधी त्यांना काही उमगलं नाही. मग त्यांनी स्टिअरिंगवरचा डावा हात उचलला. तो हवेत स्थिर राहिला. मग त्यांनी उजवा हात उचलून हळूच मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघू लागले. हात मांडीवर तसाच थरथरत होता. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, जसं कुणी चिमूटभर मीठ भुरभुरवत असावं.

‘असं होय,’ ते शेवटी म्हणाले.

‘सर, थकवा असेल. सकाळपासून चालवताय...’

‘गप बस. थकवा काय.’ त्यांचा आवाज कठोर नव्हता. ‘चहा पिताना तर हलला नाही गं. कप उचलला तेव्हा नाही. काम करताना नाही. नुसता ठेवला की हलतो. मी स्टिअरिंग नुसतं ठेवल्यासारखंच धरतो ना. भाकरीसारखं.’ ते हसले. ‘तू आवळून धरतेस तेच बरं.’

मी त्यांचा हात धरायला गेले, पण त्यांनी तो काढून घेतला. मग ते पुन्हा हसले, आणि ते हसणं मला अजून आठवलं की वाईट वाटतं.

‘नाचता येईना, अंगण वाकडं. जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं मी हे. कारखान्यात कुणी म्हटलं गाडी ओढते, कुणी म्हटलं गाडी हलते, की मी म्हणायचो, बाबा रे, आधी स्वतःकडं बघ. तीन गाड्यांना नावं ठेवली गं मी. तीन. बिचाऱ्या चांगल्या गाड्या.’

‘सर, त्याचं आता नका...’

‘फोन लाव धायगुडेला.’

‘आत्ता नको.’

‘लाव म्हणतो ना. मोठ्यानं ऐकू येईल असं कर.’

मी फोन लावला आणि आम्हा दोघांच्या मध्ये धरला. धायगुड्यांनी उचलताच विचारलं, ‘काय ऊर्मिला? एकमत झालं का?’

‘झालं,’ सर म्हणाले. ‘मी बोलतोय. हुपरीकर. लिहून घे. निळी पहिली, लाल दुसरी. ज्याला घरातली माणसं घेऊन हिंडायचंय त्यानं लाल घ्यावी, पण तिच्यात कंप आहे. निळीत नाही.’

धायगुडे म्हणाले, ‘सर, निळीत नाही? नक्की?’

‘निळीत नाही. माझ्या हातात आहे. मागच्या त्या तिन्ही गाड्यांतही नव्हता, माझ्याच हातात होता. पुढच्या अंकात तसं छापायचं. पहिल्या पानावर. त्या गाड्या बऱ्या होत्या, दोष परीक्षकाच्या हातात होता, असं. माझ्या नावानं.’

‘सर, तसं छापायची काही गरज नाही. आपण नुसतं...’

‘धायगुडे,’ सर म्हणाले, ‘कुणीतरी पैसा पैसा जमवून त्यातली एखादी गाडी बघून ठेवली असेल आणि माझ्या शब्दावर सोडून दिली असेल. त्याला कळू दे. छापणार नसशील तर मी दुसऱ्यांच्या मासिकात छापून आणीन.’

धायगुडे एरवी बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हते. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, ‘छापतो, सर.’ आणि फोन ठेवला.

त्यांनी छापलंही, शब्द न बदलता. नंतर डॉक्टरांनी त्या दुखण्याला कंपवात असं नाव दिलं. सर त्यानंतर बरीच वर्षं होते, आणि मी महिन्यातून एकदा तरी साताऱ्याला जायची. पण ते सगळं पुढचं. त्या वेळी कठड्यापाशी उभ्या असलेल्या त्या महागड्या गाडीत आम्ही दोघंच होतो, आणि सरांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली.

‘तू चालव.’

‘सर, तुम्ही उत्तम चालवता. आत्तासुद्धा. मी शेजारी बसले होते ना.’

‘चालवतो. पण गाडी हलतेय का आपण हलतोय, हे ज्याला कळत नाही, त्यानं घाटात दुसऱ्याचं पोर शेजारी बसवून गाडी चालवू नये. लाल तिथंच राहू दे. कंपनीची माणसं साताऱ्यात लॉजवर बसलीत, येतील आणि नेतील.’

ते उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले आणि बसले. सीटचा पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना पटकन सापडेना. या बाजूला ते कधी बसलेच नव्हते. मी वाकून पट्टा लावून दिला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि उजव्या हातावर डावा दाबून धरला.

मी गाडी वळवली आणि घाट उतरायला लागले. प्रत्येक वळणावर सरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा, तिथं ब्रेक असल्यासारखा. मला ते दिसत होतं आणि ते मला दिसतंय हे त्यांना कळत होतं. टपरीपाशी थांबून मी टपरीवाल्याला लाल गाडीचं सांगितलं. ‘बिघडली व्हय?’ त्यानं विचारलं. ‘नाही, गाडी चांगली आहे,’ सर घाईघाईनं म्हणाले. आणखी कुठल्या गाडीला बोल लागू नये अशी त्यांची धडपड बघून मला भरून आलं.

दोन वळणं गेल्यावर ते म्हणाले, ‘ते पाणी कसलं गं?’

डाव्या हाताला दरी उघडली होती. खाली उसाचे हिरवे पट्टे, त्यापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी पसरलेलं निळंशार पाणी.

‘धोम धरणाचं, सर.’

‘इथून दिसतं?’

‘नेहमीच दिसतं.’

‘या घाटातून मी किती वेळा गेलो असेन,’ ते म्हणाले. ‘ट्रक घेऊन, बस घेऊन, कशाकशातून. मला रस्ता दिसायचा फक्त.’

‘थांबू का जरा?’

‘नको. तू रस्त्याकडं बघ.’

वाई गेली, पाचवड गेलं. उकरलेल्या रस्त्यावरून निळी गाडी दगडासारखी गेली. सरांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते झोपले नव्हते. गाडी ऐकत होते. ‘चांगली बनवलीय,’ मध्येच एकदा ते म्हणाले. ‘मनापासून बनवलीय कुणीतरी.’

शाहूपुरीत त्यांच्या फाटकापाशी गाडी थांबवली तेव्हा ऊन उतरलं होतं. शैलाकाकू अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होत्या. इतक्या वर्षांत सर घरी आले ते कायम उजव्या बाजूनं उतरून. त्या दिवशी ते डाव्या बाजूनं उतरले. काकूंनी ते पाहिलं, खांद्यावर कपडे तसेच टाकून त्या फाटकाशी आल्या, माझ्याकडे पाहिलं, रस्त्यावर दुसरी गाडी येतेय का ते पाहिलं, आणि त्यांना काहीतरी समजलं.

‘शैला,’ सर फाटकाबाहेरच उभे राहून म्हणाले, ‘गाड्या बऱ्या होत्या गं सगळ्या.’

मला वाटलं आता काकू विचारतील, म्हणजे काय? मला वाटलं आता मला सांगावं लागेल, आणि कसं सांगायचं याची मी जुळवाजुळव करू लागले. पण काकूंनी काही विचारलं नाही. त्या सरांच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. तो हात पँटच्या शिवणीपाशी लोंबत होता आणि एकटाच आपलं काम करत होता.

‘पेपर वाचताना तो कागद फडफडायचा,’ काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दूध नासलं असं सांगावं तसा. ‘मला वाटायचं, जन्मभर स्टिअरिंग धरून धरून त्याची सवय लागली असंल हाताला. हात घरी आला तरी गाडीतच आहे अजून, असं वाटायचं. म्हणून बोलले नाही मी कधी. त्यांना आपलं काम आवडतं ना.’

मी तोंड फिरवलं. मला रडू आवरेना आणि त्या दोघांपुढं रडणं बरं दिसलं नसतं.

‘मग तू काय करायचीस?’ सरांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान मुलासारखा येत होता. ‘पेपर वाचताना?’

‘काय करणार? चहा द्यायच्या निमित्तानं शेजारी बसायची,’ काकू म्हणाल्या. ‘धरला की थांबतो.’

आणि खांद्यावरचे कपडे खाली पडले तरी तिकडे न बघता त्यांनी तो धरला.